वर देव आहे का जी?

कार्तिक लागला, धानाचे पुंजणे पडले, की कटंगीच्या माणसाला निसर्ग आठवतो. एरवीही तो निसर्गाकडे बघतो, पण पाऊस कधी येईल आणि रानडुकरांनी कोणती बांधी खाल्ली एवढ्या चौकशीपुरताच. कार्तिकात मात्र त्याला डोंगर दिसू लागतात. शनिवारी रात्री ओसरीवर ठराव मांडला जातो की उद्या सगळ्यांनी मिळून कुठेतरी जाऊ, जरा चालू, जरा चढू. ठरावावर चर्चा होत नाही. फक्त खाटेवरून एक प्रश्न येतो:

"वर देव आहे का जी?"

प्रश्न भाविक वाटतो, पण त्याच्या पोटात सगळा हिशोब असतो. देव असला की पायऱ्या असतात. पायऱ्या असल्या की कठडा असतो, कठड्याशी नारळवाला, नारळवाल्याशेजारी चहावाला, आणि चहावाल्याच्या मागे बायामाणसांना आडोसा. देव नसला तर वर नुसता इतिहास असतो, आणि इतिहासाजवळ टेकायला सावली नसते.

शिवाय आमच्याकडे पायी जाण्याला कारण लागतं. मान्यताप्राप्त कारणं तीनच: नवस, अंत्ययात्रा आणि पेट्रोल संपणं. सुटीच्या दिवशी, बायकापोरांसह, डोक्याला टोपी घालून, कुठेही न पोचण्यासाठी चाललेला माणूस दिसला तर मोटारसायकली थांबतात. "काय झालं भाऊ, गाडी बंद पडली का?" "नाही जी, असंच फिरायला निघालो." मग विचारणारा मागे बसलेल्याकडे बघतो आणि हळूच गाडी पुढे काढतो. संध्याकाळपर्यंत भावकीत पक्की बातमी असते: डॉक्टरनं सांगितलं वाटतं, शुगर निघाली.

खरं तर फिरायला कटंगीएवढी नामी जागा नाही. १८६७ साली इंग्रजांनी भंडारा, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा केला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून घरात मराठी, शाळेत हिंदी, शेताचा खसरा इकडे आणि सोयरिक तुमसरला, असा आमचा संसार आहे. डोंगरांना मात्र राज्य पुनर्रचनेचं पत्र पोचलेलं नाही. ते बावनथडीच्या दोन्ही काठांना पूर्वीसारखेच उभे आहेत. नदीवर दोन्ही राज्यांनी मिळून बांधलेलं राजीव सागर धरण आहे. पलीकडे तुमसर तालुक्यात अंबागड, पुढे रामटेक, मनसर, नगरधन. अलीकडे बालाघाटजवळ गांगुलपारा, लांब कोपऱ्यात लांजीचा किल्ला. कटंगी ते तिरोडी हा पंधराएक किलोमीटरचा तुटलेला रेल्वेचा दुवाही आता जोडला गेलाय, म्हणजे तुमसरची वाट रुळानेही मोकळी. सकाळी निघावं, इतिहास बघावा, दिवे लागणीला घरी यावं, एवढं सगळं सोयीचं आहे. अडचण एकच, खाटेवरच्या प्रश्नाची.

त्या प्रश्नाच्या उत्तरानुसार आमच्या भागातल्या डोंगरांचे तीन प्रकार पडतात: देव असलेले, देव गेलेले आणि देव नसलेले.

पहिल्या प्रकारात रामटेक अव्वल. गडमंदिराला जायला अंबाळा तलावाच्या बाजूने दगडी पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यांची आठवण राहू नये म्हणून वरपर्यंत गाडीरस्ताही आहे. आमचं कुटुंब एमपी-५० ची पाटी मिरवत गाडीरस्त्याने जातं. काकांचं म्हणणं असं की देव वरच आहे, मग खालून भेटायला जाण्यात काय मतलब. काका पटवारी म्हणून निवृत्त झाले. जमीन मोजायची ती आपल्या पायांनी नव्हे, हे तत्त्व त्यांनी नोकरीभर पाळलं आणि निवृत्तीनंतरही सोडलेलं नाही.

आमच्या घरची आजी, म्हणजे माझी आई, तेवढी पायऱ्यांनी जाते. चपला गाडीत ठेवते, पदर खोचते, आणि वाटेतल्या प्रत्येक दगडाची विचारपूस करत चढते. पोरं तिच्यामागे धावतात, कारण कोणत्या झाडाच्या बोरात अळी नसते हे घरात तिला एकटीलाच माहीत आहे. गाडीवाले वर पोचून जागा शोधतात, मागेपुढे करतात, मागच्या गाडीवाल्याशी दोन शब्द बोलतात, आणि देवळाच्या दाराशी येतात तेव्हा आजी पायरीवर बसून विचारते, "काहून जी, रस्त्यात गर्दी होती का?"

रामटेकची खरी सत्ता वानरांच्या हातात आहे. वानर कठड्यावर निवांत बसलेलं असतं. ते ओरडत नाही, अंगावर येत नाही. आधी पिशवीची गाठ बघतं, मग माणसांचे चेहरे बघतं, घरात नवीन आलेली सून कोणती ते ओळखतं आणि तिच्याच हातातली पिशवी घेतं. पुरी निघाली तर दोन्ही बाजूंनी उलटून पाहतं, कडेचा तुकडा मोडून चावतं, आणि पसंत पडली तरच दुसरीला हात घालतं. तिखटाची पुडी न उघडता खाली टाकतं. आमच्या वहिनीच्या पुऱ्यांना घरात कोणी कधी इतक्या बारकाईने पाहिलेलं नाही. तिने ते दृश्य पुरतं बघितलं आणि जाऊबाईंना म्हणाली, "यानं निदान संपवल्या तरी."

एवढ्या गडबडीत इतिहासाकडे बघायला वेळ कोणाला मिळणार? त्याच टेकडीवर केवल नरसिंह मंदिर आहे. त्यात वाकाटकांचा शिलालेख आहे, पाचव्या शतकातला. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरी दिली होती. नवरा लवकर गेला, मुलं लहान, मग बाईने स्वतः राज्य चालवलं. तिची रामगिरीच्या देवावर भक्ती होती. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी एक सासुरवाशीण या टेकडीच्या देवाला मानत होती आणि राज्यही सांभाळत होती. आमची सासुरवाशीण तिथूनच जाते, हातात पिशवी, नजर वानरावर.

मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. काही विद्वान छत्तीसगडातल्या रामगडाचं नाव घेतात, पण वाद तूर्त बाजूला ठेवू. पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने गडावर उभं राहून ती गोष्ट सगळ्यांना सांगितली: यक्षाला वर्षभराची हद्दपारी, डोंगरावर एकटा, आषाढातला ढग, विरहाने इतका वाळला की हातातलं सोन्याचं कडं गळून पडलं. सगळे गंभीर झाले. मग काकूने निष्कर्ष काढला: "डबा न घेता वर गेलं की असंच होतं."

देव गेलेल्या डोंगराचं उदाहरण मनसर. रामटेकचा फाटा जिथे फुटतो तिथेच, महामार्गाला लागून हिडिंबा टेकडी. तिथे उत्खननात वाकाटककालीन विटांचं भलंमोठं मंदिर निघालं. टप्प्याटप्प्यांनी चढत गेलेलं बांधकाम, विटा अशा जुळवलेल्या की आजच्या ठेकेदाराने बघून आजारी पडावं. प्रभावतीगुप्तेचा मुलगा दुसरा प्रवरसेन, त्याच्या काळातलं हे काम. चढण अशी की आमच्या काकांनाही झेपेल. पण माणूस दिसत नाही. कारण उघड आहे. इथला शिव, गुबगुबीत गालांचा, जटेत चंद्रकोर खोवलेला, मंद हसणारा, सध्या दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात असतो. देवाचीच बदली झाली, मग भक्तांनी कशाला यायचं? महामार्गावरून रोज हजारो गाड्या जातात. आतून एखादं पोरगं विचारतं, "बाबा, ते काय आहे?" बाबा म्हणतात, "विटाभट्टी असेल."

जवळच नगरधन. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. अलीकडच्या वर्षांत तिथे उत्खनन झालं आणि प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. ब्राह्मी अक्षरं, शंखाचं चिन्ह, वजन साडेसहा ग्रॅमसुद्धा नाही. एवढ्याशा मातीने एका राणीचा कारभार दीड हजार वर्षं जपून ठेवला. आमचं कुटुंब नगरधनला एकदा थांबलं होतं. पोतंभर सामान उतरवलं, जेवलं, आणि पोतंभर खूण मागे ठेवून निघालं. पुढेमागे कुणी उत्खनन केलंच तर आमच्या काळाचा अभ्यास सोपा जाणार आहे. थर्माकोलच्या थाळ्या मातीपेक्षा जास्त टिकतात.

लांजीच्या किल्ल्याचं नशीब चांगलं म्हणायचं. तो केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, पण लोक जातात ते लंजकाई मातेसाठी. देवीच्या निमित्ताने दोनचार भिंती नजरेस पडतात. किल्ला वाचवायला पुरातत्त्व खात्याइतकाच कुंकवाचा करंडाही लागतो, हे ज्याला कळलं त्याला हिंदुस्थानचा अर्धा इतिहास कळला.

आता तिसरा प्रकार, आणि त्याआधी एक पोटप्रकार: धरण. राजीव सागराला देव नाही, पण पंडित नेहरूंनी धरणांना नव्या भारताची मंदिरं म्हटलं होतं, आणि आमच्या लोकांनी तेवढा एक विचार मनापासून स्वीकारला. रविवारी धरणावर डब्बा पार्टी असते. सामानात दोर नाही, शिट्टी नाही, मलमपट्टी नाही. पण गोवऱ्या आहेत, कढई आहे, वांगी आहेत. रोडगे निखाऱ्यात जातात, वांग्याच्या भाजीवर तर्री चढते, गाडीतून गाणं लागतं, आणि मंदिराच्या काठावर प्लास्टिकच्या ग्लासांचा अभिषेक होतो. चालणं किती होतं? गाडीपासून सतरंजीपर्यंत. तेही पुरुषांचं. बायका घरून पहाटे चारपासून चालतच असतात, पण स्वयंपाकघरातलं चालणं मोजायची पद्धत अजून कोणी काढलेली नाही.

पुण्याच्या भाच्याला हे सगळं पटत नाही. तो दिवाळीला येतो ते बूट घालून, ज्यांच्या किमतीत आमच्याकडे बैलाचा सौदा निदान सुरू तरी होतो. "मामा, किल्ला बघायला देव कशाला लागतो?" म्हणतो. त्याच्याकडे पुरावाही आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा महाराष्ट्रात, बारावा तामिळनाडूतला जिंजी. सह्याद्रीतून थेट जिंजीला जाताना युनेस्कोला नागपूरकर भोसल्यांचा मुलूख लागला नाही, त्याला आमचा इलाज नाही. बाकी पुणेकर दर रविवारी सिंहगड चढतात हे खरं, आणि कोणत्या श्रद्धेने चढतात तेही सर्वांना ठाऊक आहे. वरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही दोन महिने बंद ठेवून बघा. मग मोजू, निव्वळ तानाजीसाठी किती चढतात ते.

भाचा आम्हाला परदेशाचे दाखलेही देतो. स्वित्झर्लंडमध्ये पासष्ट हजार किलोमीटरच्या खुणा केलेल्या पायवाटा आहेत. पिवळ्या पाट्या, आणि पाटीवर किलोमीटर नसतात, चालायला किती वेळ लागेल ते असतं. नॉर्वेत १९५७ चा कायदा आहे की मोकळ्या माळरानातून कोणीही हिंडावं. हा हक्क आमच्याकडे गाईंना आहे. माणसासाठी मात्र निळा फलक असतो. किल्ला कोणी बांधला, केव्हा बांधला, वर काय बघायचं, याचा त्यावर बहुधा पत्ता नसतो. खरवडलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, २०१० च्या दुरुस्तीनुसार, एवढं ठळक असतं. म्हणजे स्विस माणसाला पाटी सांगते तू वर केव्हा पोचशील, आणि आम्हाला सांगते तू आत केव्हा जाशील.

जंगलाचं म्हणाल तर तिथे आम्ही हट्ट करत नाही. पेंच आणि कान्हाच्या मधला हा पट्टा, वाघ इथे खरोखर आहे, आणि वनखात्याने नको म्हटल्यावर पोरंबाळं घेऊन रानात शिरण्यात शौर्य नाही. वाघाचंही आमच्याकडे "दर्शन"च होतं. नवस न बोलता झालेलं दर्शन परवडत नाही, एवढाच फरक.

तर अंबागड. देव नसलेल्यांचा मेरुमणी. तुमसर तालुक्यातल्या टेकडीवरचा हा किल्ला १७०० च्या सुमाराला बांधला गेला. बांधणारा राजा खान पठाण, देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सुभेदार. पुढे किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. इथल्या विहिरीतलं कुजकं पाणी पाजून कैदी संपवत, अशी गोष्ट सांगितली जाते. तट आहे, बुरूज आहेत, भोवती झाडी आहे, वरून मुलूख दिसतो. भाच्याच्या हट्टाने आम्ही सहकुटुंब पायथ्याशी गेलो. काकांनी मान वर केली, गडाकडे बघितलं, आणि ठरलेला प्रश्न विचारला. भाच्याने प्रामाणिकपणे सांगितलं की वर तुरुंग आहे, विहीर आहे, देवाचं काही सांगता येत नाही. काकांनी सतरंजी अंथरली.

आजी मात्र उठली. "देव नाही त नाही," म्हणाली. "मानसं मेली ना वरतं, ते पानी पिऊन? एक गडवा चांगलं पानी नेतो मी." आणि निघाली. पोरं मागे, पोरांच्या मागे भाचा, भाच्याच्या मागे धापा टाकत मी. वर पोचल्यावर तिने विहिरीच्या काठी गडवा ओतला, कोणाचं नाव घेतलं नाही, आणि पोरांना म्हणाली, "पाहा आता, किती लांब दिसते." पोरांनी पाहिलं. एकाने विचारलं, कैद्यांना इथून आपलं गाव दिसत असेल का? भाचा तिथे यक्षापासून युनेस्कोपर्यंत सगळं सांगायला तयार उभा होता. त्या प्रश्नाला तोही काही बोलला नाही.

आम्ही खाली उतरलो तेव्हा काका रिकामे बसलेले नव्हते. पटवारी माणूस, कागद-पेन खिशात. त्यांनी अर्जाचा मसुदा तयार केला होता. विषय: अंबागडावर देव बसविण्याबाबत. महोदय, वरील विषयान्वये सविनय निवेदन की, सदर गडावर देव नसल्याने सहकुटुंब येणाऱ्या नागरिकांची कुचंबणा होते. एक मध्यम आकाराचा दगड व पाव किलो शेंदूर एवढ्या अल्प खर्चात ऐतिहासिक वारशाचे जतन होऊ शकते. प्रत माहितीस्तव: मध्य प्रदेश शासन, महाराष्ट्र शासन, दोन्हीकडे. न जाणो, कोणाकडे शेंदूर शिल्लक असेल.

अर्ज वाचून आधी मला तो पटला. मग मी पुढचा हिशोब केला. पहिल्या वर्षी शेंदूर. दुसऱ्या वर्षी टिनाचं छत आणि दानपेटी. तिसऱ्या वर्षी कठडा, आणि कठड्यावर निधी देणाऱ्याचं नाव देवाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. चौथ्या वर्षी तटाला चुना, बुरुजाला भगवा ऑइलपेंट, विहिरीवर जाळी आणि बाजूला आरओचं पाणी, पाच रुपये बाटली. पाचव्या वर्षी भाविकांच्या सोयीसाठी गाडीरस्ता, त्यासाठी तटाचा थोडासाच भाग पाडून. सहाव्या वर्षी आमचं कुटुंब गाडीने थेट वर. काका काच खाली करून हात जोडतील, बसल्या जागेवरून प्रसाद घेतील, आणि विचारतील, "आता खाली हॉटेल कुठं आहे?" त्या वर्षी अंबागडावर गर्दी पुष्कळ असेल. चालणारं एकही माणूस नसेल, कारण आजीसुद्धा म्हणेल, पायऱ्याच ठेवल्या नाहीत, जाऊ कुठून?

तेव्हा अर्ज मी काकांच्या परवानगीने बाद केला आहे. आमच्या भागात गडाचा गडपणा टिकवण्याची ताकद सध्या एकाच योजनेत दिसते, आणि ती म्हणजे दुर्लक्ष. तिला निधी लागत नाही, उद्घाटन लागत नाही, दोन राज्यांत वाद होत नाही. दोन्ही शासनांनी ही योजना आजवर निष्ठेने राबवली आहे, तशीच पुढेही राबवावी. खर्चच करायचा असेल तर स्वित्झर्लंडच्या धर्तीवर एक छोटी पाटी तेवढी पायथ्याशी लावावी, पिवळी, मराठीत आणि हिंदीत, दंड-कैद वगळून:

अंबागड. चालत, आजीसोबत: पाऊण तास. भाच्यासोबत: एक तास, फोटो वेगळे. काकांसोबत: सतरंजी इथेच टाकावी.